निरोग्यांच्या रांगेतला पहिला माणूस

हेमराज गेल्याचा फोन नलिनीनं केला. "काका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि मग फोन तसाच चालू राहिला... मागं तिची आई, आमच्या सुलोचनावहिनी, रडत होत्या, कोणीतरी गादी बाहेर काढायला सांगत होतं, गोठ्यात गाय हंबरत होती. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि गोंदियाच्या दवाखान्यात नेण्याआधीच सगळं संपलं. मी फुलचूरहून निघून दवनीवाड्याला पोहोचलो तेव्हा अंगणात त्याला अंघोळ घालायची तयारी चालली होती. त्या अंघोळीबद्दल मला आधी लिहायला हवं. मित्रावरच्या लेखाची सुरुवात अशी करू नये हे मला कळतं. पण गेला दीड महिना जेव्हा जेव्हा लिहायला बसलो, तेव्हा तेच दृश्य समोर आलं, आणि ते बाजूला सारून हेमराजबद्दल गोड गोड काही लिहिणं मला जमलं नाही.

दोघांनी धोतराचा आडोसा धरला होता. आमच्याकडं मयताला घरचे चार-सहा पुरुष अंघोळ घालतात, बाकीचे बाहेर बसून लाकडांचं, बांबूंचं बघतात. त्या दिवशी आडोशाच्या आत गर्दी होती. गेली काही वर्षं ज्यांनी या घरचं पाणी घेतलं नव्हतं, ते लोक पुढं सरकून उभे होते. "पाठ नीट धुवा जी," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं न सांगता हेमराजचा हात वर उचलला आणि बगलेकडं वाकून पाहिलं. तिसरा पायाची टाच वळवून बघत होता. पाणी ओतणारा हेमराजचा धाकटा भाऊ दुलीचंद. त्याच्या लक्षात आलं आणि तो ओरडला, "का पाहून राहिले बे? माणूस मेला आहे, बाजारातला बैल नाई थो!" जागचं कोणी हललं नाही. मग मागून एक हलका आवाज आला, "नाई बापा... कुठंच काई नाई." त्या आवाजात चक्क निराशा होती. मला शिसारी आली. 

ते लोक हेमराजच्या अंगावर पांढरे डाग शोधत होते. कोड. गोंदियात हिंदीतून सफेद दाग म्हणतात, खेड्यात तर नावही घेत नाहीत, "थे", म्हणजे "ते", एवढंच म्हणतात. हेमराजच्या अंगावर डाग कधीच नव्हते. त्याच्या बायकोच्या, मुलीच्या, भावाच्या अंगावर नव्हते. तरी गावानं त्याला डागाळलेला ठरवला, आणि तो कसा ठरवला हे लिहिल्याशिवाय हेमराज कोण होता हे सांगता येणार नाही.

आमची ओळख गोंदियाच्या कॉलेजातली. तो विज्ञानाचा, मी मराठी-इतिहासाचा. पुढं मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो आणि तो आपल्याच गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवू लागला. मला तो "पोथी" म्हणायचा. "काय रे पोथी, आज कोनतं पान चाटलं?" हा त्याचा रामराम. बोलणं फटकळ, हसणं मोठं, आणि वर्गात तो छापील मराठी बोलायचाच नाही. आनुवंशिकता शिकवायचा दिवस आला की मुलांना एकेक करून उभं करायचा आणि म्हणायचा, "हे पाह्य, तुह्या बापाचं नाक तुले आलं. ठीक आहे, त्याले इलाज नाई. पन थे दुसऱ्याच्या घरात खुपसाची सवय नको घेजो, थे जनुकात नसते." वर्ग हसायचा आणि ज्याचा बाप गावात नाक खुपसायचा तोही हसायचा. मुलांना विज्ञान कळतं, पोटात उतरत नाही, असं तो नेहमी म्हणायचा. त्याला ते पोटात उतरवायचं होतं. त्याची सगळी आयुष्यभराची हौस ही एवढीच होती.

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेची माणसं आमच्या भागात आली. सोबत एक डॉक्टर मॅडम होत्या, तरुण, शांत बोलणाऱ्या. कोड हा रोग कोणत्या जनुकांमुळं होतो ते त्यांना शोधायचं होतं आणि त्यासाठी आमचा समाज त्यांना सोयीचा वाटला होता. आमचे पूर्वज माळव्यातून आले, थोडीच घराणी आली, इथं वैनगंगेच्या खोऱ्यात धान पिकवत राहिली आणि लग्नं आपसातच करत राहिली. अशा समाजात रोगाच्या जनुकाची जागा शोधणं सोपं जातं, असं मॅडमचं म्हणणं. त्यांनी ते नकाशा काढून समजावलं. माणसाच्या गुणसूत्रांवर लाखो ठिकाणी माणसामाणसांत डीएनएच्या एखाद्या अक्षराचा फरक असतो. आजारी माणसांचं रक्त घ्यायचं, त्याच समाजातल्या निरोगी माणसांचंही घ्यायचं, आणि दोन्ही गटांत एकेक ठिकाण ताडून पाहायचं. एखादं अक्षर आजारी गटात जास्त वेळा सापडलं, तर रोगाचं मूळ त्याच्या आसपास कुठंतरी आहे असं समजायचं. म्हणजे या कामाला जेवढी आजारी माणसं लागतात, तेवढीच निरोगी लागतात. त्याशिवाय काहीच दिसत नाही.

अडचण इथंच आली. हेमराजच्या शाळेत रक्त घ्यायचं शिबिर लागलं, आजारी माणसं आली. काही उघड आली, काही तोंडावर पदर घेऊन शाळेच्या मागच्या दारानं आली, पण आली. त्यांना आशा होती. कौसाबाई तर सगळ्यांत आधी आली. ओठांवर, दोन्ही हातांवर डाग, नवऱ्यानं सोडलेली, धानाच्या रोवणीच्या कामावर जाणारी बाई. हेमराजनं तिला दोन ओळींत काय ते सांगितलं आणि तिनं हात पुढं केला. निरोगी मात्र एक येईना. समाजभवनात बैठक झाली तेव्हा मी होतो. पूनाराम म्हणून हेमराजचा शेजारी, शेतकरी, तोंडाळ माणूस, तो उठला. "मले कायले सुई टोचता जी? मले का बिमारी आहे का?"

"नाई ना, म्हनून तं पायजे तुहं रक्त," हेमराज म्हणाला. "आता सांग, तुह्या बांधीतला धान पिवळा पडला. तू कृषीवाल्याले माती देशीन तं फक्त पिवळ्या बांधीची देशीन का? बाजूच्या हिरव्या बांधीचीही देशीन ना? दोनी समोर ठेवल्याबिगर फरक कसा समजन?"

"म्हनजे मी हिरवी बांधी?"

"तू तं बांधावरचं गवत आहेस पूनाराम, पन चालते. हिरवा आहेस ना!"

लोक हसले. हेमराजनं तिथंच बाही वर केली, निरोग्यांच्या रांगेत पहिला उभा राहिला. मागं वहिनी, दुलीचंद, मग पूनाराम, आणि मग रांग लागली. तो दिवस मी पाहिलेला आहे. त्याचा चेहरा असा उजळला होता की जणू विज्ञान अखेर गावाच्या पोटात उतरलं.

रक्त देणाऱ्यांचा मजुरीचा दिवस बुडतो म्हणून संस्था काही पैसे देणार होती. हेमराजनंच अडवलं. "पैसे नका देऊ मॅडम. रक्त विकलं म्हनतीन. आमच्याकडं लग्नात नाव टाकून भांडं देतात, तसं काही द्या. मानाचं होईल." आमच्याकडं खरंच तशी रीत आहे. स्टीलच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि लग्नाची तारीख ठोकून घेतात, आणि घरातल्या फळीवरची भांडी पाहिली की कोणाकोणाशी सोयरीक आहे ते वाचता येतं. मॅडमना कल्पना आवडली. गोंदियाच्या भांड्याच्या दुकानातून डबे आले, झाकणावर शिबिराचं नाव आणि साल. आजाऱ्याला आणि निरोग्याला अगदी सारखाच डबा, कारण कोण कोणत्या रांगेतला हे कोणालाही कळू नये असा त्यांचा नियम होता. सर्वांना एकच डबा, म्हणजे कोणावर बोट दाखवायची सोय नाही. किती साधा, किती चांगला उपाय वाटला होता तेव्हा.

त्यानंतरच्या लग्नसराईत तो डबा घराघरांत बोलायला लागला. मुलगी पाहायला पाहुणे आले की त्यांच्यातल्या बायका पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जात आणि फळीवर नजर फिरवत. डबा दिसला की चहा होईपर्यंत थांबत, गोड बोलत, आणि आठवड्यानं निरोप येई, पत्रिका जुळत नाही. निरोगी माणसांनीही रक्त दिलं होतं ही गोष्ट कोणाच्याच कामाची नव्हती. रक्त घेतलं म्हणजे रोग असणारच. नसता तर डॉक्टर कायले आले असते? सगळ्यांना सारखा डबा दिला होता, त्यामुळं सगळेच सारखे डागी ठरले. लोकांनी डबे धानाच्या ढोलीत पुरले, उकिरड्यात टाकले, परगावच्या मावशीकडं पोहोचवले. एका घरानं कानशीनं झाकणावरचं नाव घासून काढलं, तर बाया म्हणाल्या, बघा, लपवायसारखं होतं म्हणूनच घासलं. शिकलेल्या घरांतही हेच. माझ्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी, रसायनशास्त्राच्या, मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्या डब्याची यादी कुठं मिळेल का हो? पुतण्याचं जमवायचं आहे." मी त्यांच्याकडं पाहिलं आणि माझ्या कपाटाकडं वळलो. आजही ते समोर आले की मला रस्ता बदलावासा वाटतो.

नलिनी तेव्हा पदवी संपवून बसलेली. आमगावकडचं एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं, मुलगा चांगला, तिलाही आवडलेला. मध्यस्थ आला तो चप्पल न काढताच ओसरीच्या कडेला टेकला. मी आणि हेमराज ओसरीवरच बसलो होतो.

"पोरगी चांगली आहे जी मास्तर. पन डब्बा आहे घरी."

"डब्बा आहे म्हनजे?"

"म्हनजे... तुमाले समजते ना. सायन्सचे मास्तर तुमी."

"मी निरोग्याच्या रांगेत होतो. सगळ्या गावासमोर होतो."

"हो जी, म्हनतात लोक. पन रांगा का कोनी पायल्या? डब्बा दिसते."

दाराआड नलिनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि आत गेली.  त्याच आठवड्यात पूनाराम आला आणि आपला डबा अंगणात फेकून गेला. "घे तुहा डब्बा! हिरवी बांधी म्हने! माह्या पोरीची सोयरीक मोडली, थे आता तुह्या मॅडमले मांग!" त्याचा राग मला समजू शकतो. या सगळ्या प्रकरणात मला ज्याची किळस आली नाही असा तो एकटाच संतापलेला माणूस.

हेमराजनं संस्थेला पत्रं लिहिली, मग फोन केला. मी शेजारी होतो. मॅडम नेहमीसारख्या शांत बोलल्या. नमुन्यांवरची नावं काढून टाकली आहेत, फक्त क्रमांक आहेत. कोण आजारी, कोण निरोगी, हे कोणालाही सांगता येणार नाही. नियम तुमच्याच भल्यासाठी आहे. "मॅडम, मी माझंच विचारून राहिलो," हेमराज म्हणाला. तुमचंही सांगता येणार नाही, असं उत्तर आलं. मी ग्रंथालयातला माणूस, नियम का असतो ते मला कळतं, आणि हा नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. हेमराजनंही नाही म्हटलं. त्यानं दुसरंच मागितलं. "नावं नका सांगू. फक्त एक दिवस या, आन् समाजभवनात उभं राहून सांगा का यात निरोगी लोकंही होते. एवढंच बोला. तुमच्या तोंडून आइकतीन." मॅडम म्हणाल्या, बघते. प्रकल्पाची मुदत संपली होती, प्रवासाची तरतूद नव्हती. कोणी आलं नाही. रक्त न्यायला चार गाड्या भरून आले होते, एक वाक्य परत द्यायला कोणाला सवड झाली नाही. ही माझी दुसरी शिसारी, आणि ती पहिलीपेक्षा कमी नाही. गावाच्या अडाणीपणाला निदान घाण वास येतो. या दुसऱ्या गोष्टीला वास नाही, ती स्वच्छ कपड्यातली आहे, आभार मानून मोकळी होते.

पुढं त्यांचा निबंध छापून आला. मी तो कॉलेजच्या संगणकावर शोधून, छापून हेमराजकडं नेला. त्यात एक आलेख होता, गुणसूत्रांच्या क्रमानं मांडलेले असंख्य ठिपके, आणि एका जागी ठिपक्यांचा उंच मनोरा. तिथं काहीतरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्या जागचं एक अक्षर आजाऱ्यांत थोडं जास्त वेळा सापडलं होतं. निरोग्यांतही ते भरपूर होतं, आणि कितीतरी आजाऱ्यांत ते नव्हतंच. मी अडखळत समजावत होतो, हेमराजला माझ्या आधी समजलं. 

"म्हनजे माह्या नलूबद्दल यात काईच नाई."

"काहीच नाही. कोणत्याही एका माणसाबद्दल नाही. गटाबद्दल आहे."

तो हसला, पण ते त्याचं नेहमीचं हसणं नव्हतं. "पाह्य पोथी, एवढ्या मशिनी लावून विज्ञानाले घर ओळखता येत नाई, आन् बायायले डब्बा पाहून येते."

मग त्यानं एक गोष्ट केली, जिच्याबद्दल तो पुढं बोलायला तयार नसे. समाजाचा मेळावा होता. मुलामुलींचा परिचय, भाषणं, सत्कार. हेमराज उठून मंचावर गेला, माईक हातात घेतला, आणि मी काही समजायच्या आत त्यानं शर्ट काढला, बनियन काढलं. "पाहून घ्या," तो म्हणाला. "पुढून पाहा, मागून पाहा. हे माझं अंग. यावर काई दिसते का? मी पहिला होतो रांगेत. मी कोरा, तं माझ्या मागचे समदे कोरे." वय झालेला, पोट सुटलेला मास्तर उघड्या अंगानं गोल फिरत होता. पोरं शिट्ट्या मारत होती, पुढच्या ओळीतले पुढारी खाली बघून हसत होते, आणि मागच्या काही बायका खरोखरच मान उंचावून बघत होत्या. तेव्हा बायकांच्या बाजूनं कौसाबाई उठली. तिला कोणी बोलावलेलं नव्हतं, दाराजवळच्या सतरंजीच्या कडेला ती एकटी बसली होती.

"मास्तर, कपडे घाला जी," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता पण मंचापर्यंत ऐकू गेला. "तुमी कोरे, थे समद्यायनं पायलं. आता मी का दाखवू?"

हेमराजनं शर्ट घातला. बटणं चुकीच्या काजात गेली. आम्ही माझ्या स्कूटरवरून परत निघालो, वाटेत दोन्हीकडं धानाच्या बांध्या भरलेल्या. गावाच्या अलीकडं त्यानं मला थांबायला लावलं. "थे बाई पहिली आली होती माह्या शब्दावर," तो म्हणाला. "आन् मी आज सगळ्यायसमोर म्हटलं का मी तिच्यासारखा नाई म्हनून चांगला आहो. हेच तं लोकं म्हनून राहिले ना इतके दिवस? मी वेगळं का म्हटलं?" मी म्हटलं, तू बाप आहेस, मुलीसाठी केलंस. "बाप आहो म्हनून का घाण करावं?" तो म्हणाला, आणि पुढचा रस्ता पायी गेला.

त्यानंतर त्यानं आपण निरोगी असल्याचं कोणालाच सांगितलं नाही. कोणी विचारलं तर "तुले कायले पायजे?" म्हणायचा. कौसाबाईला त्यानं घरी चहाला बोलावलं, तिनं दोनदा नाही म्हटलं, तिसऱ्यांदा आली.

खरा प्रसंग त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आला. गेंदलालजी हे आमच्या समाजाचे त्या भागातले पुढारी, राईस मिलवाले, वजनदार माणूस. ते स्वतः हेमराजच्या ओसरीवर आले. मी होतो, म्हणून हे सांगू शकतो. त्यांनी गोड सुरुवात केली, आमगावच्या त्याच मुलाचं लग्न अजून झालेलं नाही, घरच्यांची समजूत घालता येईल. "मी शब्द टाकतो. नलूचं लगीन मी लावून देतो. पन देख भाई हेमराज, तू शिबिर चालवलं, कोन कोनत्या रांगेत होता थे तुले मालूम आहे. जे घरं खरोखर बिमार, तेवढ्यायची नावं मले सांग. बस, मले एकट्याले. मी बाकीच्यायले मोकळं करतो. पूनारामची पोरगी सुटन, तुही सुटन, गाव सुटन."

मला हे कबूल करावं लागेल की क्षणभर तो सौदा मला शहाणपणाचा वाटला. उघड आजारी माणसं सगळ्यांना माहीतच होती. हेमराजला माहीत होती ती झाकलेली, पदराआड येऊन गेलेली, मानाच्या घरांतली. त्यांची नावं घेतली तर त्याची मुलगी त्याच उन्हाळ्यात मांडवात उभी राहिली असती. नलिनी तेव्हा आतच होती. वहिनींनी आतून येऊन दाराला टेकून नवऱ्याकडं पाहिलं, आणि त्या नजरेत विनवणी होती हे मी स्पष्ट पाहिलं.

"आन् ज्यायची नावं सांगीन, त्यायच्या पोरीयचं का?" हेमराजनं विचारलं.

"त्यायचं त्यायचं नशीब. रोग तं आहे ना त्यायच्या घरी?"

"गेंदलालजी, त्यायनं मले हात दिला होता. तुमाले द्याले नाई दिला."

"विचार कर. पोरीचं वय थांबत नाई."

हेमराज उठला, अंगणाच्या कडेला गेला आणि थुंकला. परत येऊन म्हणाला, "चहा घेता का जी, का जाता?" ते गेले. आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग वहिनींचं रडणं. नलिनी बाहेर आली, तिचे डोळे कोरडे होते. ती बापाशेजारी बसली आणि म्हणाली, "बाबा, त्या आमगाववाल्यानं एकदा तरी स्वतः येऊन विचारलं असतं ना, तं मी रडली असती." हेमराजनं तिच्या डोक्यावर हात ठेवला... बराच वेळ ठेवला. त्या दिवसापुरतं मी एवढंच सांगू शकतो.

नलिनीनं पुढं शिक्षणशास्त्राची पदवी घेतली आणि केशोरीच्या एका शाळेत लागली. तिथं खोली घेऊन राहते, सुटीत घरी येते. लग्न झालेलं नाही. पूनारामच्या मुलीचं झालं, दूर छत्तीसगडात, वयानं बऱ्याच मोठ्या माणसाशी. पूनाराम आणि हेमराज पुन्हा बोलले नाहीत, पण त्या दिवशी तिरडीचा पुढचा बांबू पूनारामनं कोणालाही न विचारता खांद्यावर घेतला, आणि बदली द्यायला आलेल्याला त्यानं हातानंच मागं सारलं.

गोंदियात शोकसभा झाली. गेंदलालजी अध्यक्ष. त्यांनी हेमराजला समाजाचं रत्न म्हटलं, विज्ञानाचा दीप म्हटलं, मास्तरांच्या मार्गदर्शनाखाली समाजानं संशोधनाला हातभार लावला असंही म्हटलं. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! मी मागच्या खुर्चीवरून उठून बाहेर आलो. ज्यांनी त्याच्या बगला तपासल्या, तेच आत हात जोडून उभे होते. माणसाच्या कातडीवरच्या पांढऱ्या डागाची यांना किळस येते, आणि या गोष्टीची येत नाही. जनुकांच्या नकाशावर हिचीही कुठंतरी जागा असेल का, असा एक कडू विचार मनात आला. पण नाही, हेमराज ओरडला असता. हे जनुकात नसतं, हे आपण घरी शिकवतो.

तेरवीला मी सकाळपासून दवनीवाड्यात होतो. कौसाबाई पंगतीत बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना नलिनीनं स्वतः आणि दुलीचंदच्या बायकोनं पान मांडून घेतलं होतं. जेवणं झाल्यावर गेंदलालजी नलिनीजवळ आले, मी हातावर पाणी घेत होतो. आवाज खाली आणून ते म्हणाले, "बेटी, मास्तर तं गेले. जाता जाता तुले काई सांगून गेले असन ना? थे घरांचं... नावं?"

"हो जी, सांगितली ना," नलिनी म्हणाली. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "पहिलं तुमचंच सांगितलं."

 गेंदलालजींच्या शर्टाची बाही मनगटापर्यंत होतीच, ती त्यांनी दुसऱ्या हातानं आणखी खाली ओढली, आणि विड्याला न थांबता गाडीकडं गेले. त्या बाहीखाली काही आहे की नाही मला ठाऊक नाही. माझी नजर मात्र तिकडं गेली, बारीक होऊन गेली, अगदी त्या अंघोळीतल्या लोकांसारखी, आणि मी चटकन दुसरीकडं पाहिलं.

लोक गेल्यावर मी नलिनीला विचारलं. ती हसली, बऱ्याच दिवसांनी. "काका, बाबानं मले एकही नाव नाई सांगितलं. मी विचारलंही नाई." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या दाराला पडदा नाही. गेंदलालजी येऊन गेले त्या संध्याकाळी हेमराजनं तो ओढून काढला होता, ज्याला पाहायचं त्यानं सरळ पाहावं, आमच्या घरी पाण्याचं निमित्त नको, असं म्हणून. तेव्हापासून बैठकीत बसलेल्या कोणालाही चूल, फळी, तिच्यावरचा डबा, भांडी सगळं दिसतं, आणि गंमत अशी की दिसायला लागल्यापासून पाहुणे तिकडं पाहायचं टाळतात. चौकटीवरचे दोन खिळे अजून तसेच आहेत. त्या सकाळी वहिनी धुतलेला जुना पडदा घेऊन आल्या होत्या. आता लोकं येतीन, लावू का, त्यांनी विचारलं. नलिनी स्टुलावर चढून जाळी काढत होती. ती म्हणाली, "राहू दे माय."